पहिल्या वर्षाच्या मुलांचा मेंटॉर होताना : ख्रिस्ती विद्यापीठातल्या सीनियरांसाठी

जून-जुलैत हॉस्टेलच्या फाटकापाशी गाड्या लागतात. ट्रंक, गुंडाळलेली गादी, बादली, शेंगदाण्याच्या चटणीचा डबा आणि या सगळ्यावर एकाच वेळी नजर ठेवणारी आई. बाबा फीची पावती घेऊन ऑफिसच्या खिडकीपाशी उभे असतात. ज्याच्यासाठी ही सगळी धावपळ, तो मुलगा किंवा मुलगी मात्र फोनमध्ये डोकं घालून एका बाजूला. अशा वेळी गळ्यात ओळखपत्र अडकवलेला एक सीनियर पुढे येतो, नाव विचारतो आणि बादली उचलतो. हा लेख त्या सीनियरासाठी आहे.

मी नगर जिल्ह्यातली. दोन वर्षं एका ख्रिस्ती विद्यापीठाच्या मुलींच्या हॉस्टेलमध्ये मेंटॉर (नव्या मुलींना वर्षभर सोबत करणारी सीनियर) होते आणि नंतर नव्या मेंटॉरांच्या प्रशिक्षणात मदत करत आले. या कामात मी काही गोष्टी बऱ्या केल्या, एक गंभीर चूक केली. तीही इथे सांगणार आहे, कारण प्रशिक्षणात ज्या मुद्द्यावर सगळ्यात कमी वेळ मिळतो तिथेच ती झाली.

आधी कोणतं काम घेताय ते बघा

‘स्टुडंट लीडर’ या एका शब्दाखाली चार-पाच वेगवेगळी कामं येतात. ओरिएंटेशनचे स्वयंसेवक पहिला आठवडाभर वाटाड्याचं काम करतात. पियर मेंटॉरकडे आठ-दहा जणांचा गट वर्षभर असतो. हॉस्टेलच्या मजल्याचा प्रतिनिधी किंवा प्रीफेक्ट वॉर्डनशी बांधलेला असतो, रात्रीची हजेरी घेतो. सीआर, म्हणजे वर्गप्रतिनिधी, वर्गाचं बघतो. चॅपलच्या (परिसरातल्या प्रार्थनामंदिराच्या) बाजूने काम करणारे विद्यार्थी वेगळे, ते प्रार्थनासभा, गायन, सेवाकार्य सांभाळतात.

संस्थेगणिक ही मांडणी बदलते. बंगळुरूचं ख्राइस्ट विद्यापीठ घ्या. कॉलेज म्हणून 1969 मध्ये सुरू झालं, 2008 मध्ये अभिमत विद्यापीठ झालं आणि आपल्या पुणे जिल्ह्यात लवासालाही त्याचा परिसर आहे. तिथे होलिस्टिक एज्युकेशन नावाचा विषय असतो आणि त्याचे तास घेण्यात पदव्युत्तर वर्गातल्या विद्यार्थ्यांचा वाटा असतो. म्हणजे वर्गासमोर उभं राहून लहानांशी बोलणं हाही तिथे मेंटॉरिंगचाच एक रस्ता. पुण्यात औंधला स्पायसर अॅडव्हेंटिस्ट विद्यापीठ आहे. 1915 मध्ये कोइमतूरला शाळा म्हणून सुरू झालेली ही संस्था 2014 च्या कायद्याने महाराष्ट्रात विद्यापीठ झाली. अॅडव्हेंटिस्ट या ख्रिस्ती पंथाच्या परंपरेत शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या सूर्यास्तापर्यंत शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा आणि उपासनेचा दिवस पाळतात. त्यामुळे अशा परिसरातल्या मेंटॉरचा आठवडाच वेगळा लागतो. नव्या मुलाला शनिवारी असाइनमेंटची घाई करायची नाही, हे तिथल्या मेंटॉरला आधी स्वतःला कळावं लागतं.

अर्ज भरण्याआधी ऑफिसात जाऊन तीन गोष्टी विचारा. माझ्याकडे किती जण असतील? मी कुणाला उत्तरदायी, वॉर्डनला की प्राध्यापक-मेंटॉरला? आणि रात्री अकरानंतर काही झालं तर पहिला फोन कुणाला करायचा? तिसऱ्या प्रश्नाला सरळ उत्तर मिळालं नाही, तर ते मिळेपर्यंत सही करू नका.

स्वतःचा हिशेबही मांडा. माझ्या अनुभवात पहिले सहा आठवडे रोज तासभर जातो, नंतर आठवड्याला तीन-चार तास. तुमचाच एखादा विषय मागे राहिला असेल किंवा हजेरी काठावर असेल, तर यंदा थांबा. ख्राइस्टसारख्या ठिकाणी 85 टक्के हजेरी लागते. तिथे मेंटॉरच हजेरीच्या यादीत अडकला तर ज्युनिअर त्याचं काय ऐकणार?

मुलाखतीत ‘मला नेतृत्वगुण वाढवायचे आहेत’ हे वाक्य सगळेच म्हणतात. तुम्ही तुमच्या स्वतःच्या पहिल्या महिन्याबद्दल बोला. कुठे अडलात, कुणी हात दिला, कुणी दिला नाही. निवड करणाऱ्यांना नेमकं तेच ऐकायचं असतं.

पाय धुणं म्हणजे प्रत्यक्षात काय

ख्रिस्ती संस्थेतल्या प्रशिक्षणात एक प्रसंग हमखास सांगितला जातो. योहानाच्या शुभवर्तमानाच्या 13 व्या अध्यायात येशू शेवटच्या भोजनाच्या वेळी कंबरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतो. ईस्टरच्या आधीच्या पवित्र गुरुवारी आमच्या चर्चमध्येही पाळक खाली बसून पाय धुतात. लहानपणी मी ते नुसतं पाहिलं होतं. त्याचा अर्थ हॉस्टेलमध्ये कळला: वाकल्याशिवाय पाय धुता येत नाहीत, आणि नेतृत्व म्हटलं की आपल्याला पहिली सवय असते ताठ उभं राहायची.

मेंटॉरच्या रोजच्या कामात याची रूपं अगदी साधी असतात. पोर्टलवर लॉगिन कसं करायचं हे एकाच मुलीला चौथ्यांदा, आवाज न चढवता सांगणं. फीच्या रांगेत तिच्यासोबत उभं राहणं. ताप आलेल्या मुलाचं ताट मेसमधून खोलीवर नेणं.

दुसरी एक गोष्ट मला फार आवडते. ख्राइस्ट विद्यापीठ चालवणाऱ्या सीएमआय या कॅथलिक धर्मसंघाच्या संस्थापकांपैकी एक संत चावरा, केरळचे. त्यांनी चर्चजवळ शाळा काढायला लावल्या आणि गरीब मुलांच्या दुपारच्या जेवणासाठी घराघरातून ‘पिडियरी’ सुरू केली. रोज स्वयंपाकाचा तांदूळ काढताना त्यातला एक मूठ बाजूला ठेवायचा. मेंटॉरिंगचा वेळही असाच काढावा, असं मी नव्या मुलांना सांगते. महिन्यातून एकदा दोन तासांची बैठक घेऊन गट बांधला जात नाही. रोज मूठभर वेळ, ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळी. मी रात्रीच्या जेवणानंतर वीस मिनिटं पाण्याच्या कूलरजवळच्या बाकावर बसायचे. पहिल्या आठवड्यात कुणी आलं नाही. तिसऱ्या आठवड्यात बाक पुरेना.

मुलं येण्याआधीचे पंधरा दिवस

यादी हातात आली की नावं पाठ करा. नुसती वाचू नका, उच्चार शोधा. ख्रिस्ती विद्यापीठांत मिझोराम, नागालँड, केरळ, झारखंड अशी दूरदूरची मुलं येतात. ‘तुझं नाव फार अवघड आहे, तुला दुसरं काहीतरी म्हणू का?’ हा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारणारा सीनियर वर्षभर त्या मुलाच्या मनातून उतरतो. तसंच आपल्याकडच्या मुलांचं. परराज्यात गेलेल्या ‘ज्ञानेश्वर’चा पहिल्याच दिवशी कुणीतरी ‘ग्यानू’ करून टाकतं आणि तो तीन वर्षं गप्प बसून सहन करतो.

मग स्वतः एकदा नव्या मुलासारखं चालून या. फाटक ते हॉस्टेल, हॉस्टेल ते वर्ग, मेस, ग्रंथालय, दवाखाना, समुपदेशकाची खोली. खोली क्रमांक लिहून घ्या. समुपदेशकाला प्रत्यक्ष भेटा, नाव सांगा. पुढे कुणाला तिथे घेऊन जायची वेळ आली की ‘मी मॅडमना ओळखते, चल’ हे वाक्य फार कामाला येतं.

एका कागदावर हे नंबर लिहा आणि फोनमध्येही ठेवा: वॉर्डन, रात्रपाळीचा सुरक्षारक्षक, परिसरातला दवाखाना, प्राध्यापक-मेंटॉर, समुपदेशक, रॅगिंगविरोधी राष्ट्रीय हेल्पलाइन 1800-180-5522, मानसिक आरोग्यासाठी सरकारी टेली-मानस 14416. टेली-मानस 24 तास चालू असते आणि तिथे मराठीतही बोलता येतं. घरापासून दूर असलेल्या मराठी मुलाला हे मुद्दाम सांगा. दुखणं माणूस आईच्या भाषेतच नीट सांगतो.

विद्यापीठ अनुदान आयोगाने 2019 मध्ये ‘दीक्षारंभ’ नावाची मार्गदर्शिका काढली आहे. नव्या विद्यार्थ्यांचं स्वागत कसं करावं, लहान गट पाडून त्यांना मेंटॉर कसे द्यावेत, हे त्यात आहे. तुमच्या संस्थेचा ओरिएंटेशन कार्यक्रम बहुधा त्यावरच बेतलेला असेल. एकदा वाचून ठेवा.

पहिला दिवस आई-बाबांचा असतो

हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्या दिवशी मुलगी तुमच्याशी बोलणार नाही. बोलेल तिची आई. ‘हिला रात्री दूध लागतं’, ‘ही कधी एकटी राहिलेली नाही’, ‘मेसचं जेवण तिखट आहे का?’ सगळं ऐका. नमस्कार करा, ‘काकू, काका’ म्हणा, स्वतःचं गाव सांगा. ‘मी आहे, अजिबात काळजी करू नका’ असं वचन मात्र देऊ नका. त्याऐवजी सांगा, ‘मी याच मजल्यावर राहते. वॉर्डनबाईंचा नंबर हा. काही वाटलं तर आधी त्यांना फोन करा.’ पालकांचा रोजचा फोन तुमच्याकडे यायला लागला, तर आठवडाभरात तुम्ही त्या मुलीचे हेर होता आणि ती तुमच्याशी बोलणं बंद करते.

गाडी निघून गेल्यानंतरचा अर्धा तास सगळ्यात अवघड. तेव्हा भाषण नको, खेळ नको. ‘चल, गादीवर चादर घालू’ इतकंच म्हणा. हाताला काम मिळालं की रडू आलं तरी त्याची लाज वाटत नाही.

पहिले सहा आठवडे

पहिला आठवडा पूर्णपणे व्यवहाराचा ठेवा. ओळखपत्र, पोर्टलचा पासवर्ड, वायफाय, वेळापत्रक, हॉस्टेलची परत यायची वेळ, आउटपास कसा काढायचा, कपडे कुठे धुवायचे. ‘कसं वाटतंय?’ हा प्रश्न या आठवड्यात कुणाला विचारला तरी उत्तर ‘छान’ हेच येतं. विचारायचंच असेल तर लहान आणि ठोस विचारा: काल झोप लागली का? आज सकाळी काय खाल्लं? शेजारी कोण बसलं होतं?

घरची आठवण सगळ्यात जास्त पहिल्या दिवशी येते, असा आपला समज असतो. माझ्या गटांत ती दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात यायची. नव्याची नवलाई ओसरलेली, डबा संपलेला, पहिला रविवार कसातरी गेलेला, दुसरा रविवार समोर. रविवारी सकाळी उपासनेला गर्दी असते आणि दुपारी हॉस्टेल एकदम सुनं पडतं. जवळपास घर असलेली मुलं निघून गेलेली असतात. त्या दुपारसाठी काहीतरी आखून ठेवा. मोठा कार्यक्रम नको. आम्ही चार जणी विजेच्या किटलीत मॅगी करायला सोबत बसायचो (तुमच्या हॉस्टेलमध्ये किटलीला परवानगी आहे का, हे आधी बघा).

याच काळात मेसमध्ये लक्ष ठेवा. मेंटॉरने ताट बघायला शिकावं. एक मुलगी रोज भाताचा डोंगर घेऊन अर्धा टाकते. एक जण रांग संपल्यावर येतो आणि कोपऱ्यात पाठ करून बसतो. एक जण तीन दिवस आलाच नाही आणि त्याच्या खोलीवर बिस्किटांचे कागद साचलेत. तोंडाने ‘मी ठीक आहे’ म्हणणारी मुलं ताटातून खरं सांगतात. तिथे लगेच चौकशीचा भडिमार करू नका. दुसऱ्या दिवशी तुमचं ताट घेऊन त्याच्या शेजारी जाऊन बसा. तिसऱ्या दिवशी विचारा.

चौथ्या-पाचव्या आठवड्यात इंटर्नल्स (अंतर्गत परीक्षा) येतात आणि विषय बदलतो. बारावीला नव्वद टक्के मिळवलेल्या मुलाला पहिल्यांदा वीसपैकी सात पडतात. तो घरी सांगत नाही. वर्गात शेवटच्या बाकावर सरकतो. त्याला तुमच्या नोट्स देण्याआधी त्याची उत्तरपत्रिका त्याच्यासोबत बघा. अभ्यास कमी पडला की उत्तर लिहिण्याची पद्धत बदललीय, हे तिथे कळतं. बहुतेक वेळा पद्धतच असते. तो स्वतः प्राध्यापकांना भेटायला जाईल असं बघा. हवं तर दारापर्यंत सोबत जा, आत मात्र त्यालाच जाऊ द्या.

सहाव्या आठवड्यानंतर हळूहळू मागे सरा. त्यांचे त्यांचे मित्र झालेले असतात आणि बाक रिकामा राहू लागतो. याचं वाईट वाटून घेऊ नका. पण ज्यांचा कुठलाच गट झालेला नाही अशी एक-दोन मुलं राहतात. त्यांच्यासाठी वर्षभर बसत राहा.

चॅपल, प्रार्थना आणि आपली जीभ

ख्रिस्ती विद्यापीठात हा विषय टाळून मेंटॉरिंग होत नाही. पहिल्या आठवड्यात कुणीतरी दबक्या आवाजात विचारतंच, ‘ताई, चॅपलला जावंच लागतं का?’

उत्तर गुळमुळीत देऊ नका. आपल्या राज्यघटनेच्या कलम 28(3) नुसार, सरकारने मान्यता दिलेल्या किंवा सरकारी निधी घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत कुणालाही त्याच्या संमतीशिवाय धार्मिक शिक्षण किंवा उपासना घ्यायला लावता येत नाही. विद्यार्थी अज्ञान (अठरा वर्षांखालचा) असेल तर संमती पालकांची लागते. आणि कलम 30 ने अल्पसंख्याकांना स्वतःच्या संस्था काढण्याचा आणि चालवण्याचा हक्क दिलेला आहे. दोन्ही कलमं एकाच घटनेतली आहेत. प्रवेशअर्जावर उपासनेबद्दल संमतीची ओळ होती का, सकाळची सभा ही उपासना आहे की सर्वांची सामायिक सभा, हे त्या मुलासोबत कागद काढून बघा. शंका उरली तर त्याला चॅपलनकडे (चॅपलच्या धर्मगुरूंकडे) किंवा विद्यार्थी कल्याण विभागाकडे न्या. माझा अनुभव असा की चॅपलन मंडळी हा प्रश्न आपल्याला वाटतो त्यापेक्षा फार मोकळेपणाने घेतात.

तुम्ही स्वतः ख्रिस्ती असाल तर एक नियम पाळा: मेंटॉर म्हणून मिळालेला विश्वास धर्माच्या प्रचारासाठी वापरायचा नाही. रात्री दोन वाजता रडणाऱ्या मुलीचा हात हातात असताना ‘तू चर्चला ये, बरं वाटेल’ म्हणणं हा तिच्या दुबळ्या क्षणाचा गैरफायदा आहे. तिने आपणहून ‘माझ्यासाठी प्रार्थना करशील?’ म्हटलं, तर जरूर करा, थोडक्यात करा, आणि त्यानंतरही समुपदेशकाकडे न्यायचं असेल तर न्याच. मी श्रद्धाळू आहे. प्रार्थनेवर माझा विश्वास आहे, म्हणूनच ती कुणावर लादलेली मला बघवत नाही.

तुम्ही ख्रिस्ती नसाल तरी हे काम तुमचंच आहे. माझ्या वेळचे सगळ्यात चांगले दोन मेंटॉर, एक सोलापूरचा लिंगायत मुलगा आणि एक मालेगावची मुस्लिम मुलगी. सणांची वही तिने बनवली होती: कुणाचा रोजा, कुणाचा उपवास, कुणाचा शब्बाथ, कुणाचं लेंट (ईस्टरआधीचा उपवासाचा काळ). त्या वहीमुळे आमच्या मजल्यावर कुणाच्या उपासाच्या दिवशी पार्टी ठरली नाही.

आणि ख्रिस्ती मुलांना हे वातावरण आपोआप घरचं वाटतं, असंही समजू नका. श्रीरामपूरकडून आलेली एक मुलगी माझ्या गटात होती. तिच्या गावच्या चर्चच्या मंडळीत रेव्हरंड नारायण वामन टिळकांची भजनं पेटी-तबल्यावर गायली जायची, सगळे सतरंजीवर बसायचे, आजी डोक्यावर पदर घ्यायची. विद्यापीठाच्या चॅपलमध्ये गिटार, ड्रम आणि इंग्रजी गाणी. पहिल्या रविवारी ती बाहेर पायरीवर येऊन बसली. मला म्हणाली, ‘मला वाटलं होतं, निदान इथं तरी मला सगळं येत असेल.’ पुढे चॅपलनना विचारून आम्ही एका बुधवारी तिला मराठी भजन गायला लावलं. पेटी नव्हती, टाळ होते. त्या दिवशी पहिल्यांदा तिचा आवाज पूर्ण सुटलेला ऐकला.

मराठी माध्यमातून आलेल्या मुलांकडे

इंग्रजीची भीती घेऊन आलेली मुलं तुम्हाला सहसा सापडत नाहीत, कारण ती बोलतच नाहीत. त्यांच्या वहीकडे बघा. माझ्याच गटातल्या एका मुलीच्या वहीत प्राध्यापकांची वाक्यं देवनागरीत लिहिलेली होती, ‘द ओपर्च्युनिटी कॉस्ट ऑफ’ आणि पुढे रिकामी जागा. कानावर पडलेलं ती टिपत होती आणि रात्री शब्दकोशात शोधत होती. दोन महिने हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, माझ्याही नाही.

काय केलं? रोज रात्री दुसऱ्या दिवशीच्या तासाचे दहा शब्द आधीच बघायचे. बस. शब्द ओळखीचे झाले की तास समजायला लागतो. वर्गात पहिला प्रश्न विचारायचा तो एका वाक्याचा, आधी लिहून ठेवलेला. ‘इंग्रजीतच बोल म्हणजे सवय होईल’ असा आग्रह बाकावर करू नका. दिवसभर परक्या भाषेत वावरलेल्या मुलीला वीस मिनिटं मराठी मिळणं ही तिची विश्रांती आहे. मात्र गटात तमिळ किंवा मेघालयातली खासी बोलणारं कुणी बसलं असेल, तर तिथे सगळ्यांना कळेल अशाच भाषेत बोलायचं. मराठी मुलांचं मराठीत हसणं त्या एकट्याला फार टोचतं.

‘कुणाला सांगणार नाही’ हे कधीही म्हणू नका

आता माझी चूक. दुसऱ्या वर्षी माझ्या गटातल्या एका मुलीने मला रात्री सांगितलं की तिला सकाळी उठावंसं वाटत नाही, ‘सगळं संपलं तर बरं’. त्याआधी तिने माझ्याकडून वचन घेतलं होतं, कुणाला सांगायचं नाही. मी दिलं. मला वाटलं, विश्वास टिकवणं महत्त्वाचं. आठ दिवस मी एकटी तिच्यावर पहारा देत होते, रात्री उठून तिच्या दाराला कान लावत होते. नवव्या दिवशी तिने गोळ्या घेतल्या. खोलीतली मैत्रीण वेळेत परत आली म्हणून ती वाचली. आज ती नोकरी करते, बरी आहे. ते आठ दिवस मात्र माझ्या हातात होते, आणि मी ते वाया घालवले.

तेव्हापासून मी प्रत्येक मेंटॉरला हे वाक्य पाठ करायला लावते: ‘तू सांगशील ते मी गावभर करणार नाही. पण तुझ्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका असेल, तर मी ते एकटी ठेवणार नाही, आपण दोघी मिळून सांगू.’ हे पहिल्या आठवड्यातच, सगळ्या गटासमोर सांगायचं. मग वेळ आल्यावर विश्वासघात होत नाही, ठरल्याप्रमाणे होतं.

संशय आला तर सरळ विचारा: ‘जीव द्यावासा वाटतो का?’ विचारल्याने डोक्यात तो विचार घुसत नाही. उलट कुणीतरी शब्द उच्चारला म्हणून माणूस मोकळा होतो. ‘हो’ म्हणाली तर तिला एकटं सोडू नका, समुपदेशक आणि वॉर्डन यांना त्याच रात्री कळवा. सकाळची वाट बघू नका. ते येईपर्यंत सोबत बसा. 14416 लावा, स्पीकरवर ठेवा.

लैंगिक त्रासाचं कुणी सांगितलं तर ‘पुरावा आहे का?’ विचारू नका. ऐका आणि संस्थेच्या अंतर्गत समितीचा (लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या) मार्ग दाखवा. तक्रार करायची की नाही हा निर्णय तिचा. अपवाद एक: पहिल्या वर्षाला आलेली कित्येक मुलं सतरा वर्षांची असतात. अठराच्या आतल्या मुलावर अत्याचार झाल्याचं कळलं तर पॉक्सो कायद्याच्या कलम 19 नुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे आणि ते बंधन तुमच्यावरही येतं. लगेच वॉर्डन आणि विभागप्रमुखांना सांगा, तक्रार पुढे गेली याची खात्री करा.

रॅगिंगची रेघ

मेंटॉर आणि रॅगिंग करणारा सीनियर, दोघंही रात्री ज्युनिअरच्या खोलीवर जातात. म्हणून मेंटॉरने जास्त जपावं. 2009 चे विद्यापीठ अनुदान आयोगाचे नियम कडक आहेत. गुन्हा घडलाय असं दिसलं तर संस्थाप्रमुखाने 24 तासांत पोलिसांत प्राथमिक माहिती अहवाल (एफआयआर) दाखल करायचा असतो. महाराष्ट्रात तर 1999 पासून स्वतंत्र कायदा आहे. ‘इंट्रो दे’, ‘गाणं म्हण’, ‘सीनियरला सर म्हण’ हे ओळख वाढवण्याच्या नावाखाली चालतं आणि तिथूनच सुरुवात होते.

सोपी कसोटी अशी: त्याला नाही म्हणायची खरी मुभा आहे का? नसेल तर ते करू नका. दार उघडं ठेवून बोला. मुलांना स्वतःच्या खोलीवर बोलावू नका, बाकावर भेटा. रात्री उशिरा मेसेज करू नका. गटाचा व्हॉट्सअॅप ग्रुप काढलात तर त्यात प्राध्यापक-मेंटॉरांना घ्या. सीनियरांच्या खासगी ग्रुपांवर लक्ष ठेवा, असं 2025 मध्ये आयोगानेही संस्थांना सांगितलंय. आणि तुमचाच वर्गमित्र रॅगिंग करताना दिसला, तर मैत्री की काम, हे तिथल्या तिथे ठरवावं लागतं. मी एकदा तक्रार केली आणि वर्षभर दोन मैत्रिणींनी माझ्याशी बोलणं टाकलं. ते सोपं गेलं नाही.

पैशांचं थोडक्यात: उसने देऊ नका, घेऊ नका. शिष्यवृत्तीच्या तारखा मात्र भिंतीवर लावा. महाराष्ट्रातल्या संस्थेत असाल तर महाडीबीटी पोर्टल कधी उघडतं, उत्पन्नाचा दाखला आहे का, बँक खातं आधारशी जोडलंय का, हे पहिल्याच महिन्यात विचारा. शेवटच्या दिवशी सर्व्हर चालत नाही.

वही आणि शेवट

एक छोटी वही ठेवा. त्यात निदान, गुपितं, कुणाच्या प्रेमाच्या गोष्टी लिहायच्या नाहीत. तारीख, नावाचं पहिलं अक्षर, काय ठरलं, पुढे कधी विचारायचं, इतकंच. ‘12 ऑगस्ट. र. दोन दिवस मेसला नाही. गुरुवारी सोबत जेवायचं.’ ही वही कुणाच्या हाती पडली तरी कुणाची अब्रू जाऊ नये, अशी लिहा. आठवड्यातून एकदा वहीवर नजर फिरवा: गेल्या सात दिवसांत कोणत्या नावाशी मी एकदाही बोलले नाही? बोलक्या मुलांत वेळ कधी संपतो कळत नाही, आणि गप्प मूल पंधरा दिवस सुटून जातं.

तुमचाही कुणीतरी मेंटॉर हवा. महिन्यातून एकदा प्राध्यापक-मेंटॉरांसमोर बसा आणि ‘मला हे जड जातंय’ असं म्हणता येईल एवढी जागा मागून घ्या. तुमच्या परीक्षेच्या आठवड्यात बाकावर चिठ्ठी लावा, ‘सोमवारपर्यंत नाही, तातडीचं असेल तर वॉर्डनबाई’, आणि खरोखर जाऊ नका.

मार्च-एप्रिलमध्ये, पुढच्या वर्षीचे मेंटॉर निवडले गेले की त्यांच्यासोबत एक संध्याकाळ बसा. वही फाडून टाका. तोंडी सांगा ते परिसराबद्दल: वायफायची तक्रार कुठे करायची, कोणता रविवार जड जातो, दवाखाना दुपारी किती वाजता बंद होतो. मुलांबद्दल सांगायचं असेल तर आधी त्या मुलांना विचारा. माझ्यानंतर मेंटॉर झाली ती पायरीवर बसलेली श्रीरामपूरची मुलगी. तिने मला एकच विचारलं, ‘ताई, बाकावर किती वाजता बसायचं?’ मी सांगितलं, पावणेनऊ.